शिळ्याचा इतिहास

इतिहास लिहिणाऱ्यांची नजर बहुधा ताज्या ताटावर असते. कोणत्या राजाच्या पंक्तीला किती पक्वान्ने होती, कोणत्या तहानंतर कोणी कोणाला मेजवानी दिली, ह्याच्या नोंदी दप्तरांतून सापडतात. परंतु पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी काय राहिले आणि ते कोणाच्या वाट्याला गेले, हे टिपून ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेतलेली नसते. वास्तविक घराची खरी घडण कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. हा विचार माझ्या मनात आला तो कोणत्याही ग्रंथालयात नव्हे, तर मारतहळ्ळीतल्या आमच्या स्वयंपाकघरात. आणि त्याला निमित्त झाले आदल्या रात्री उरलेल्या कोंबडीचे.

मारतहळ्ळी हे बंगळूरच्या पूर्वेचे जुने खेडे. आता ते खेडे उरलेले नाही. एका अंगाला १९४० साली सुरू झालेला विमानांचा कारखाना, जवळच उपग्रहांची जुळणी आणि चाचणी करणारी इस्रोची संस्था, आणि बाहेरच्या वळणरस्त्याला लागून संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती. कारखान्यात, प्रयोगशाळांत, बँकांत बदलीवर आलेली मराठी कुटुंबे इथे पुष्कळ. नवागताला इंग्रजी पाटीवर गावाचे नाव 'मराठा-हळ्ळी' असे भासते आणि शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली होती हे आठवून तो मनात एखादा सुखद संबंध जोडून टाकतो. मी तो मोह आवरतो. आपला येथील खरा संबंध नावाच्या पाटीपेक्षा चुलीपाशी अधिक सापडेल.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी रात्री चार मंडळी जेवायला होती. भाजलेली कोंबडी बरीच उरली. सोमवारी सुट्टी होती. बंगळूरच्या थंड हवेची आपण इतरांपाशी प्रौढी मिरवतो. परंतु ह्याच शहरात २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांपर्यंत चढला होता, हे आपण सोईस्करपणे विसरतो. त्या सोमवारीही चुलीपाशी उभे राहवत नव्हते. माझ्या मुलीने पास्ता उकडून निवत ठेवला, काकडी चिरली, कैरी किसली, दही फेटले आणि शीतकपाटातली कोंबडी बाहेर काढली. थंडगार पास्ता सॅलड करण्याचा तिचा बेत होता. उन्हाळ्यापुरती वाईहून आलेली माझी आई जवळच बसली होती. ऐंशी ओलांडलेल्या तिच्या डोळ्यांनी तो सारा खटाटोप न्याहाळला आणि ती म्हणाली, "ही कालचीच ना गं? मग ती मला दे. तुम्ही सगळ्यांनी ताजं करून खा."

मुलगी हसली. मला हसता आले नाही. आई हे शिळे आहे म्हणून नाक मुरडील, अशी माझी अटकळ होती. ती तर शिळे म्हणजे आपलाच वाटा समजत होती!

आता ह्या 'शिळे' शब्दाकडेच प्रथम पाहू. संस्कृत 'शीतल', त्यावरून प्राकृत 'सीअल', आणि त्यावरून आपले 'शिळे'. म्हणजे मुळात शिळे म्हणजे निवलेले, थंड झालेले; एवढेच. नासलेले, टाकाऊ, कमी प्रतीचे हे अर्थ मागाहून चिकटले. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याची जी चाल आहे, तिच्यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. तिच्या नावाचा थंड नैवेद्य मात्र राहिला. उलट 'शिळ्या कढीला ऊत' म्हणताना आपण निव्वळ तुच्छता व्यक्त करतो. एकाच शब्दात देवीचा नैवेद्यही आणि तुच्छताही! ह्या दोन टोकांमध्ये कोठे तरी आमच्या घरचे ते सॅलड उभे होते.

धर्मग्रंथांचा कौलही वाटतो तितका सरळ नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात रात्र उलटलेले अन्न तामसी लोकांना प्रिय म्हणून सांगितले आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्याला काही सवलती दिल्या आहेत, त्या मौजेच्या आहेत. स्नेहयुक्त अन्न शिळे असले तरी चालते. आणि जव, गहू व दूध ह्यांचे पदार्थ तर तूपतेल नसले आणि बराच काळ ठेवलेले असले तरीही चालतात. म्हणजे गव्हाचा पास्ता आणि दुधाचे दही ह्यांना मनूची अनुज्ञा आहे असे म्हणावयास हरकत नाही. गावठी कोंबडा आणि कांदा हे मात्र त्याच अध्यायात ताजेही निषिद्ध आहेत! असो. शास्त्राने ज्याला मोकळीक दिली आणि ज्याला दिली नाही, ते दोन्ही आमच्या एकाच पातेल्यात होते.

त्यांतला गहू आपण प्रथम घेऊ. पास्ता म्हटले की इटली आठवते, आणि मार्को पोलोने तो चीनहून आणला ही कथाही. ती कथा टिकत नाही. मार्को पोलो १२९५ साली परतला. जिनोव्हा शहरातल्या १२७९ च्या एका मृत्यूनंतरच्या यादीत मॅकरोनीने भरलेली टोपली आधीच नोंदलेली आहे. त्याहीपूर्वी, ११५४ साली, सिसिलीच्या राजाच्या आश्रयाला असलेल्या अल-इद्रीसी ह्या अरब भूगोलवेत्त्याने पालेर्मोजवळच्या एका गावी 'इत्रिया' नावाच्या सुकवलेल्या पिठाच्या तारा मोठ्या प्रमाणावर होतात आणि गलबतांतून दूरदूर जातात, असे लिहून ठेवले आहे. परंतु ह्याच्याही शतकभर अगोदर, १०२५ च्या सुमारास, कन्नड भाषेत चावुंडरायाने 'लोकोपकार' हा ग्रंथ रचला. त्यात शाविगे, म्हणजे आपल्या शेवया, करण्याची रीत आणि त्या पाडण्याच्या साच्याचे वर्णन आहे. ज्या प्रदेशात आपण चाकरीनिमित्त राहतो, त्या प्रदेशाच्या भाषेत ही विद्या एक हजार वर्षे लिहिलेली आहे.

आपल्या बाजूला ती लिहिली गेली नसेल तेव्हाही हातांत होती. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाटावर शेवया वळणाऱ्या बायका, बाजेवर वाळत टाकलेले त्यांचे झुपके, आणि लग्नाच्या रुखवतात मांडायचे गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे, फेणोल्या हे सारे आमच्या पिढीने पाहिले आहे. इटालियन माणूस आपल्या पास्त्याच्या शंख, कणीस, फुलपाखरू अशा आकारांची नावे कौतुकाने सांगतो; आपल्या आज्यांनी नखाने, बोटाने आणि चिमटीने तेच केले होते. धान्यही फार दूरचे नव्हे. पास्त्याला लागतो तो कठीण दाण्याचा गहू. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्यालाच 'बन्सी' म्हणतात. बंगळूरच्या कोणत्याही दुकानात उपम्यासाठी 'बन्सी रवा' मागा, वाणी न विचारता देतो. सातारा-सांगली-बेळगावकडचा खपली गहू हा त्याचा चुलतभाऊ. तेव्हा इटलीहून आले ते फक्त नाव आणि डबा. धान्य आणि कल्पना ही दोन्ही दख्खनला अनोळखी नव्हती.

इटलीशी आपला एक दुसराही संबंध आहे, आणि तो पाकशास्त्रातला नाही. १९४४ च्या ऐन उन्हाळ्यात, १० जुलै रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव ह्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून पलीकडे आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. आणि त्याच महायुद्धात उत्तर आफ्रिकेतून धरून आणलेले इटालियन युद्धकैदी बंगळूरच्या जालहळ्ळी भागातल्या छावण्यांत राहत होते. आमच्या जिल्ह्यांतली मुले त्यांच्या शेतांत मरत होती आणि त्यांची मुले आमच्या सध्याच्या शहरात तारेच्या कुंपणामागे दिवस मोजत होती. त्या दोघांच्याही घरी आई उन्हाळ्यात गव्हाच्या पिठाच्या तारा वाळवत असेल, हे त्यांपैकी कोणाच्या ध्यानात आले असेल की नाही कोण जाणे.

आता कोंबडी. ती उरली कशी, हाच खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. आमच्या लहानपणी कोंबडी उरत नसे. परसातली गावठी कोंबडी कापली जायची ती पाहुणा आला म्हणून किंवा आखाड संपत आला म्हणून; वजनाला शेर-सव्वाशेर, खाणारी माणसे दहा. रस्सा वाढवून वाढवून पुरवायचा. उरली तर हाडे. कोंबडी घरोघर उरू लागली ती तिचा व्यवसाय झाल्यानंतर. डॉ. बी. व्ही. राव ह्यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. पुढे त्या उद्योगाने पुण्यात ठाण मांडले आणि मांसाळ पक्ष्यांची पैदास देशभर पसरली. सणाची वस्तू रविवारची झाली, आणि रविवारची वस्तू सोमवारी उरू लागली.

परंतु उरणे निराळे आणि टिकणे निराळे. टिकण्यासाठी थंडी लागते, आणि थंडी ही आपल्या देशात दीर्घ काळ पैसेवाल्यांची चैन होती. १८३३ साली बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज तळ्यातला बर्फ भुशात बांधून कलकत्त्याला आले. निघताना सुमारे १८० टन असलेला माल पोहोचेपर्यंत शंभर टनांच्या आसपास उरला, आणि तरीही व्यापार किफायतशीर ठरला. बंगळूरच्या रस्त्यांवर शिवनसमुद्राच्या विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. मुंबईच्या गोदरेज कारखान्याने देशात घडवलेले पहिले शीतकपाट बाहेर पडले १९५८ साली. आणि ते मध्यमवर्गाच्या घरात स्थिरावायला आणखी दोन-तीन दशके जावी लागली. तेव्हा आमच्या मुलीच्या त्या पातेल्यात हजार वर्षांची शेवई होती, पन्नास वर्षांची कोंबडी होती आणि साठ-सत्तर वर्षांची थंडी होती. ह्यात खरोखर पुरातन होता तो एकच प्रश्न: हे कोणी खायचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर राजांच्या पाकग्रंथांत शोधून उपयोग नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' घ्या, नाहीतर तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातून निघालेले मराठी 'शरभेंद्र पाकशास्त्र' घ्या. ह्याच बंगळुरातून तंजावरला गेलेल्या व्यंकोजीराजांच्या वंशात ते लिहिले गेले. अशा ग्रंथांचा विषय राजाचे ताट. उरलेल्याचा हिशेब तोंडी आणि ठरलेला असे. आईने तो मला त्या दुपारी सांगितला. त्यांच्या घरी आधी पुरुष जेवत, मग मुले, मग सासुरवाशिणी. रात्रीची भाकरी सकाळी बायकांनी ठेच्याशी खायची. "शिळं मला आवडायचं असं मी सगळ्यांना सांगायची," ती म्हणाली. "पुढे पुढे ते मला खरंच वाटायला लागलं."

आणि घराबाहेरचा हिशेब ह्याहून कठोर होता. गावगाड्यात महारांनी राबायचे आणि मोबदल्यात दारोदार फिरून भाकरीचे तुकडे गोळा करायचे, हा 'हक्क' म्हणून सांगितला जाई. हक्क म्हणून दिलेले शिळे हे उघड अपमानापेक्षाही वाईट, कारण त्याबद्दल कृतज्ञता अपेक्षिलेली असते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची आठवण आपण चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली होती: मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा. पाणी घेण्याचा हक्क आणि शिळे नाकारण्याचा हक्क हे दोन्ही एकाच ठिकाणी उच्चारले गेले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. भुकेल्याने अन्न नाकारणे म्हणजे काय, हे पोटभर जेवलेल्याला सहजी कळत नाही.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ती कनिष्ठ गाववतने कायद्याने नाहीशी करणारा मुंबई राज्याचा अधिनियम १९५८ चा. वर उल्लेखिलेले शीतकपाटही १९५८ चेच, आणि तेही त्याच राज्यातले. एकाच वर्षी कायद्याने तुकड्यांचा 'हक्क' मोडीत काढला आणि यंत्राने शिळ्याचा वास घालवला. ह्यांत कार्यकारणभाव मुळीच नाही. पण ह्यानंतर शिळे ही ज्याच्या त्याच्या घरातली, ज्याची त्याने खायची वस्तू होऊ शकली असती. ती झाली काय?

आता आमच्या घराविषयी. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई बीदर जिल्ह्यातल्या. मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच सहजतेने बोलतात. रविवारचे उरलेले आम्ही प्लास्टिकच्या डब्यात भरून सोमवारी त्यांना देत असू. त्या मुकाट्याने घेत. ह्याला आम्ही चांगुलपणा समजत होतो. त्या दिवशी आईच्या बोलण्याने मुलगी हट्टाला पेटली होती. ती म्हणाली, आज कोणाला वेगळे काही नाही, हेच सगळ्यांनी एकत्र बसून खायचे. मग तिने जे केले ते इथे नीट सांगतो, कारण वाचकांपैकी कोणाला करून पाहावेसे वाटेल.

पास्ता पाव किलो. अडीच लिटर उकळत्या पाण्यात चार चहाचे चमचे मीठ घालून, दाताखाली किंचित कणी लागेल इतपत शिजवला. निथळून परातीत पसरला आणि चमचाभर तेल चोळले. नाहीतर निवताना त्याचा गोळा होतो. कोंबडी रात्रीच, जेवण आटोपल्याबरोबर, हाडांवरून काढून उथळ डब्यात शीतकपाटात गेली होती. शिजलेले मांस बाहेर दोन तासांहून अधिक राहू नये, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच आत जावे, आणि तीन-चार दिवसांत संपावे. थंडी दोष लांबवते, नाहीसा करीत नाही. ती हाताने धाग्याधाग्याने सोडवून दोन वाट्या झाली. दोन काकड्या, एक कांदा, अर्धी तोतापुरी कैरी, कोथिंबीर. त्यावर फडक्यात टांगून पाणी काढलेले वाटीभर दही. इथवर ते परदेशी सॅलड होते. इतक्यात आईने लहान कढई मागितली आणि मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी देऊन ते पातेले दोन क्षणांत कोशिंबिरीच्या गोत्रात आणून सोडले.

कोंबडी घालायची तेवढी राहिली होती, तोच त्या बाई आल्या. मुलीने त्यांनाही बसायला सांगितले. त्या संकोचल्या. मग आईकडे पाहून हळूच म्हणाल्या, "आजी, आज सोमवार. सोमवारी मी खात नाही."

आमच्या घरी गुरुवार पाळतात. सोमवारचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. आईने विचारले, "मग इतके दिवस देत होतो ते?" बाई म्हणाल्या, "शेजारणीला द्यायची. तुम्ही प्रेमानं देता, नाही कसं म्हणायचं?"

आम्ही काहीच बोललो नाही. दप्तर लिहिणाऱ्यांना मी लेखाच्या आरंभी जो दोष दिला, तोच माझ्या घरी दर सोमवारी घडत होता: काय उरले ते आम्हांला ठाऊक होते, ते कोणाच्या पोटी जाते हे कधी विचारले नव्हते. आपण बदलीच्या गावी असतो. परक्या गावी आपली माणसे थोडी, आणि जी रोज घरात येतात त्यांना आपण कामापुरते ओळखतो. त्यांतून असे होत असावे. सबब म्हणून मी हे सांगत नाही.

मुलीने कोंबडी घालण्याआधी दोन ताटल्या वाढून बाजूला काढल्या. एक बाईंची. दुसरी कोणाची, असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "माझी. तिला एकटीला वेगळं कशाला?" म्हणजे जी कोंबडी ती सकाळी एकटीने संपवणार होती, ती तिने चाखलीसुद्धा नाही. आम्ही पाचजण जमिनीवर बसलो. पहिला घास घेऊन आई म्हणाली, शेवया बऱ्या आहेत, पण जरा जाड झाल्या. आणि मीठ कमी आहे. बाईंनी उठून मिठाचा डबा आणला.